रिपोर्ट नॉर्मल, मग हात का गेला होता?

अर्धांगवायूचा झटका म्हटलं की डोळ्यांपुढे साठीपुढचा माणूस येतो. बीपी-शुगर जुनी, तोंड वाकडं, एका बाजूचा हात-पाय गेलेला. पण न्यूरॉलॉजीच्या ओपीडीबाहेर बसलेल्यांत तिशी-पस्तिशीतलेही लोक असतात. त्यांचं अर्धं अंग अचानक बधिर होतं, जीभ जड होते, नजरेची एक बाजू जाते, आणि काही तासांत किंवा काही दिवसांत सगळं परत येतं. एमआरआयमध्ये एकदा काहीतरी दिसतं, पुढच्या वेळी दिसत नाही. फाइल जाड होत जाते आणि तिच्यात जितके डॉक्टर तितकी मतं साठतात. घरचे म्हणतात, आता बरी आहेस ना, मग सोड तो विषय. तिला मात्र रोज सकाळी उठल्यावर आधी उजव्या हाताची मूठ वळते का ते बघावं लागतं.

अशा आजाराचं निदान किती शोधायचं आणि कुठे थांबायचं, हा वाद घराघरांत होतो. तो नीट ऐकता यावा म्हणून पुढचा संवाद मी रचला आहे. बोलणाऱ्या दोघी काल्पनिक आहेत, त्यांच्या बोलण्यातलं वैद्यकशास्त्र काल्पनिक नाही. भाची छत्तीस वर्षांची, पुण्यात माध्यमिक शाळेत गणित शिकवते. मावशी कराडला आयुष्यभर जनरल प्रॅक्टिस करून निवृत्त झालेली. माझा कल कुणाकडे आहे तेही मी मध्ये मध्ये सांगेन.

मावशी : आता पुरे कर गं. ईईजी झाला, टू-डी एको झाला, होल्टर झाला, मानेच्या शिरांचा डॉपलर झाला. रक्ताच्या तपासण्यांनी पानं भरलीत. जिवावर बेतणारं काही नाही असं सांगितलं ना त्यांनी? आणखी काय हवंय तुला?

भाची : काय नाही याची यादी माझ्याकडे आहे. काय आहे ते कुणी सांगत नाही.

मावशी : सगळ्याच दुखण्यांना नाव मिळत नाही. माझ्या दवाखान्यात कितीतरी माणसं नावाशिवाय आली आणि नावाशिवाय बरी होऊन गेली.

भाची : बरी होऊन गेली ना? मी होत नाहीये. पहिल्या डॉक्टरांनी स्ट्रोक म्हणून रक्त पातळ करायच्या गोळ्या दिल्या. दुसऱ्यांनी मायग्रेन म्हणून त्या बंद केल्या आणि वेगळ्या सुरू केल्या. तिसऱ्यांनी फाइल उघडलीच नाही. टेन्शन आहे म्हणाले, शाळेतून रजा घ्या. तिन्ही गोष्टी एकदम खऱ्या असतील असं तुला तरी वाटतं का? गोळ्या मात्र मी तिन्हींच्या घेतल्यात.

मावशी : पहिल्यांना नावं ठेवू नकोस. अर्धं अंग गेलेलं माणूस कॅज्युअल्टीत आलं की आधी स्ट्रोकच समजायचं असतं. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन सुरुवातीपासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. बोटातून रक्त घेऊन आधी शुगर बघायची, कारण शुगर फार उतरली तरी एक बाजू लुळी पडू शकते. मग सीटी, डोक्यात रक्तस्राव नाही ना हे पाहायला. त्या घाईत तुझी लहानपणापासूनची डोकेदुखी कोण ऐकून घेणार?

भाची : त्या घाईबद्दल माझी तक्रार नाहीच. जीव वाचवायला धावत होते ते. पण महिन्याभरानं ओपीडीत गेले तेव्हा कसली घाई होती? तेव्हाही कुणी बसून विचारलं नाही, की बाई, नेमकं काय झालं ते पहिल्यापासून सांगा.

मावशी : बरं, मग मला सांग. पहिल्यापासून.

भाची : दोन दिवस डोकं दुखत होतं, उलट्या होत होत्या. तशीच वर्गावर गेले. फळ्यावर गणित लिहिताना उजव्या कडेला रंगीत गोल गोल ठिपके लुकलुकायला लागले. हलत नव्हते, एकाच जागी. मग फळ्याची उजवी बाजूच दिसेना. लिहिलेलं पुसलं गेलं असं वाटलं. मग उजव्या हाताची बोटं आपोआप उडायला लागली, खडू पडला, आणि त्यानंतर हात लोंबकळायला लागला. मुलांना काहीतरी सांगत होते, पण शब्द भलतेच येत होते. मुलं घाबरून बघत होती, त्यावरून मला कळलं.

मावशी : बोटं उडत होती? हे फाइलीत कुठंय?

भाची : नाहीये. डिस्चार्ज कार्डावर एकच ओळ आहे, उजव्या बाजूची कमजोरी व बोलण्यात अडथळा.

मावशी : अगं, मग ती ओळ अपुरी आहे. रक्ताच्या गुठळीचा झटका वीज गेल्यासारखा येतो. जे जायचं ते एकदम जातं. मायग्रेनमध्ये मुंग्या बोटांतून मनगटाकडे, मग कोपराकडे, मग ओठांकडे अशा पाच-दहा मिनिटं घेत चढतात, आणि डोळ्यांपुढे बहुतेक वेळा चमकणारी नागमोडी रेघ येते, ती पसरत जाते. रंगीत गोल ठिपके आणि मग बोटं उडणं, हे फिटकडे बोट दाखवतं. सबंध अंगाची नाही, मेंदूच्या एका भागातली फिट. ती ओसरल्यावर तोच हात काही तास, कधी दिवसभरही लुळा राहतो. लंडनच्या रॉबर्ट टॉडनं १८४९ सालीच हे सांगून ठेवलंय. आम्ही त्याला अजून टॉडचा पक्षाघात म्हणतो.

भाची : आणि माझ्या ईईजीत काही निघालं नाही म्हणून ती शक्यता खोडली.

मावशी : ईईजी कधी काढला?

भाची : सगळं बरं झाल्यावर.

मावशी : मग त्या अर्ध्या तासात काही दिसलं नाही एवढाच त्याचा अर्थ. फिट येत नाही असा त्याचा अर्थ होत नाही.

इथे मी थोडा थांबतो. अशा रुग्णांच्या बाबतीत सर्वांत मोठी चूक यंत्रांच्या अभावी होते असं मला वाटत नाही. ती हकिकत अर्धवट लिहिल्यानं होते. आधी काय, मग काय, किती वेळानं काय, हा क्रम गेला की उरतं ते फक्त अर्धं अंग, आणि अर्ध्या अंगाची कारणं पन्नास असतात. रुग्णानं स्वतः केलेली नोंद किती मोलाची असते याचं एक उदाहरण न्यूरॉलॉजीच्या इतिहासातच आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कार्ल लॅशले यांना मायग्रेनचा त्रास होता. नजरेत उमटणारी चमकती रेघ कुठे सुरू होते आणि मिनिटागणिक किती सरकते, याची ते कागदावर चित्रं काढून ठेवत. त्यावरून १९४१ साली त्यांनी हिशेब मांडला, की मेंदूच्या दृष्टीच्या भागावरून काहीतरी मिनिटाला सुमारे ३ मिलिमीटर वेगानं पुढे जात असलं पाहिजे. १९४४ साली ब्राझीलचे अरिस्टिडीस लिआव हार्वर्डमध्ये सशांच्या मेंदूवर प्रयोग करत होते. त्यांना मेंदूच्या पृष्ठभागावरून तशाच संथ गतीनं सरकणारी लाट प्रत्यक्ष सापडली. तिच्या मागे मेंदूच्या विजेचा व्यवहार काही काळ थंडावत होता. एमआरआय तेव्हा जगात नव्हता. एका रुग्णानं आपला आजार घड्याळ लावून पाहिला होता, त्यातूनच तो वेग आधी कळला होता.

आज तर प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. तरीही झटका आला की घरचे पाणी मारतात, कांदा हुंगवतात, देवाचं नाव घेतात, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत पाहिलेलं निम्मं विसरतात. कुणाला दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. घाबरलेलं माणूस दुसरं काय करणार? पण पुढच्या वेळी काय बघायचं ते डॉक्टरांनी आधी सांगून ठेवायला हवं, आणि ते कुणी सांगत नाही.

भाची : मग ते टेन्शन म्हणाले त्याचं काय? आई आणि तूसुद्धा तेच म्हणत होतात.

मावशी : मी टेन्शन म्हटलं नव्हतं. मी म्हटलं, मनाचा भाग असू शकतो. त्यात कमीपणा काय आहे? फंक्शनल आजार खरा असतो. हात खरोखर हलत नाही, माणूस नाटक करत नाही. मेंदूच्या रचनेत बिघाड नसतो, कामकाजात असतो. फिजिओथेरपीनं आणि समजावून सांगण्यानं त्यात माणसं सुधारतात.

भाची : मान्य. पण तो आहे हे ठरवतात कसं? रिपोर्ट नॉर्मल आले म्हणून?

मावशी : नाही. तपासून ठरवतात. पेशंटला झोपवून म्हणायचं, कमजोर पाय गादीवर खाली दाबा. जोर येत नाही. मग म्हणायचं, आता चांगला पाय वर उचला. तेव्हा न कळत कमजोर पाय खाली नीट दाबला जातो, टाचेखाली हात ठेवला की कळतं. हूवर नावाच्या डॉक्टरनं १९०८ साली ही खूण सांगितली. अशा ठोस खुणा सापडल्या तरच ते निदान करायचं.

भाची : त्यांनी मला टेबलावर झोपायलाही सांगितलं नाही मावशी. खुर्चीत बसवून सांगितलं.

मावशी : मग ते निदान झालंच नाही. रिकाम्या जागी शब्द लिहून दिला.

या मुद्द्यावर दोघींचं एकमत झालं, आणि माझंही त्यांच्याशी आहे. बाईमाणूस, वय तरुण, रिपोर्ट नॉर्मल, या तीन गोष्टींवरून ‘टेन्शन’ लिहिणं हे आपल्याकडे फार सहज होतं. त्यानं दोन प्रकारच्या रुग्णांवर अन्याय होतो. ज्यांना दुसरा आजार आहे त्यांचा शोध थांबतो. ज्यांना खरोखर फंक्शनल आजार आहे, त्यांनाही नीट समजावून सांगितलेलं निदान आणि उपचार मिळत नाहीत, हाती पडते ती झोपेची गोळी. आणि एकाच माणसाला दोन्ही असू शकतात, हेही विसरलं जातं.

मावशी : पण माझं म्हणणं तू पूर्ण ऐक. शोधाला अंत हवा. तुझ्या त्या एकोमध्ये हृदयाच्या पडद्याला बारीक छिद्र आहे असं लिहून आलं तेव्हा तू काय केलंस? दोन रात्री झोपली नाहीस. अगं, साधारण चारातल्या एका माणसाला ते छिद्र जन्मापासून असतं आणि त्याचं काही होत नाही. शोधत गेलं की असलं काहीतरी सापडतंच, आणि जे सापडतं ते कारण असतंच असं नाही. तुला पुढे मेंदूची अँजिओग्राफी करायची होती. रक्तवाहिनीतून नळी मेंदूपर्यंत नेताना क्वचित का होईना, खराखुरा स्ट्रोक होऊ शकतो. मला तुझ्या आजाराइतकीच तुझ्या तपासण्यांची भीती वाटते.

भाची : म्हणून मी अँजिओ केली नाही. पण माझ्याकडे दोन एमआरआयच्या सीड्या आहेत, ते तरी कुणी शेजारी शेजारी लावून बघावं? पहिल्यात डाव्या बाजूला मेंदूच्या मागच्या भागात पॅच होता. दुसऱ्यात तो जवळजवळ गेलेला. दुसऱ्या ठिकाणच्या रेडिओलॉजिस्टकडे पहिली सीडी पोचलीच नव्हती. त्यांनी नॉर्मल लिहिलं आणि पुढे तोच शब्द सगळ्यांनी उतरवून घेतला.

मावशी : पॅच कुठल्या शिरेच्या हद्दीत होता?

भाची : एका न्यूरॉलॉजिस्टनं फोनवर बघून सांगितलं, की एकाही शिरेच्या हद्दीत तो बसत नाही. दोन शिरांच्या भागांत पसरलाय. म्हणूनच तर मी वाचायला लागले.

मावशी : काय वाचलंस?

भाची : तुला माहीत आहे काय ते. मेलास.

मावशी काही बोलली नाही. वाचकांना इथे थोडं सांगायला हवं. मेंदूची प्रत्येक मोठी रक्तवाहिनी ठरावीक भागाला रक्त पुरवते. ती बंद पडली की तिच्या हद्दीतला भाग मरतो, आणि एमआरआयवरचा डाग त्या हद्दीत बसतो. डाग हद्द ओलांडत असेल, नंतर विरत असेल किंवा दुसरीकडे उगवत असेल, तर बिघाड रक्तवाहिनीत नसून पेशींमध्येच असण्याची शंका घ्यावी लागते. पेशीत ऊर्जा तयार करणारे मायटोकॉन्ड्रिया नावाचे सूक्ष्म घटक असतात. ते अधू असले की ज्या अवयवांना ऊर्जा जास्त लागते ते आधी कुरकुरतात. मेंदू, स्नायू, हृदय, कान, स्वादुपिंड हे त्यातले. मेलास हा अशांपैकी एक आजार. १९८४ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी त्याचं स्वतंत्र वर्णन केलं, आणि १९९० साली जपानी संशोधकांना त्यामागचा डीएनएतला बदल सापडला. मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएतल्या ३२४३ क्रमांकाच्या जागी एक अक्षर बदललेलं असतं. मेलासच्या सुमारे ८० टक्के रुग्णांत हाच बदल सापडतो. हा डीएनए फक्त आईकडून येतो, मुलगा आणि मुलगी दोघांनाही. पुढे मात्र तो मुलीच देतात.

भाची : आईला चाळिशीपासून ऐकू कमी येतं. शुगर आहे आणि अंगानं काटकुळी. आजी तर शेवटी अगदीच बहिरी झाली होती. तुझ्या दोन्ही कानांत मशीन, तुलाही शुगर. आपल्या घराण्याचे कानच तसे, असं म्हणून सगळे सोडून देतात. मावशी, हे घराणं सगळं आईच्या माहेरचं आहे. बाबांकडच्या कुणालाही नाही.

मावशी : म्हातारपणी ऐकू कमी येतंच. आणि शुगर आता कुणाला नाही?

भाची : तू डॉक्टर म्हणून बोलतेयस की मावशी म्हणून?

मावशी : दोन्ही म्हणून. डॉक्टर म्हणून सांगते, आईकडून येणारी शुगर आणि बहिरेपण एकत्र असेल तर तोच ३२४३चा बदल असू शकतो, हे १९९२ सालीच छापून आलंय. मी ते वाचलंय. हे माझ्या मनात आलं नसेल असं तुला वाटतं? आणि मावशी म्हणून सांगते, अडुसष्टाव्या वर्षी मला ते नाव नको. तुझी तपासणी झाली आणि निघालं, तर ते ताईचं झालं, माझं झालं, तुझ्या भावाचं झालं, तुझ्या लेकीचंही झालं असं धरावं लागेल. मुळावर औषध नाही. मग सगळ्या घराला टांगणीला लावून काय मिळवायचंय? उद्या लेकीचं लग्न ठरवताना लोक हे विचारतील.

भाची : लेक नऊ वर्षांची आहे. तिला उद्या फिट आली आणि कॅज्युअल्टीत व्हॅल्प्रोएट दिलं तर? फिटसाठी ते सर्रास देतात. पण या आजारात तेच औषध टाळायचं असतं, यकृत बिघडू शकतं, त्रास वाढू शकतो. ज्या डॉक्टरला नाव माहीत नाही तो ते देणारच, आणि त्यात त्याची चूक नसेल. आई मेटफॉर्मिन घेते, तूही घेतेस. हे निदान असलं तर डॉक्टर शक्यतो दुसरं औषध निवडतात, कारण रक्तात लॅक्टिक आम्ल आधीच वाढलेलं असू शकतं. हृदयावर परिणाम होऊ शकतो, म्हणून ईसीजी आणि एको ठरावीक काळानं करायला हवेत. माझे झटके फिटचे असतील तर फिटचं औषध भरपूर आणि वेळेवर द्यायला हवं. रक्त पातळ करून काय होणार? मुळावर औषध नाही म्हणतेस, पण इतक्या गोष्टी बदलतात. याला काही मिळालं नाही असं कसं म्हणायचं?

मावशी : माझा प्रश्न तू उडवून लावू नकोस. मला जाणून न घेण्याचा अधिकार आहे की नाही?

भाची : आहे. पण तुझ्या अधिकारासाठी मी अंधारात राहायचं का?

हा या वादाचा खरा गाभा आहे, आणि इथे दोघींचं म्हणणं सारखंच खरं आहे असं म्हणून मी सुटका करून घेणार नाही. माझ्या मते भाचीचं पारडं जड आहे, कारण तिला आजार आज आहे आणि निदानानं तिचे उपचार बदलतात. मावशीवर तपासणीची सक्ती कुणी करू शकत नाही, करूही नये. भाचीचा रिपोर्ट घरात वाचला गेला तर मावशीला न विचारताही तिच्याबद्दल बरंच कळेल, हे मात्र नाकारता येत नाही. म्हणून नमुना देण्याआधी घरातल्या मोठ्यांशी बोलणं आणि जनुकीय सल्लागाराकडे एकदा बसणं, हा उपचाराचाच भाग समजायला हवा. आपल्याकडे तो बहुतेक वेळा गाळला जातो आणि रिपोर्ट व्हॉट्सॲपवर येतो. नऊ वर्षांच्या मुलीला काहीच लक्षणं नसतील, तर तिची तपासणी करण्याची घाई सहसा करत नाहीत. मोठी झाल्यावर तिनं ठरवावं. तोवर आईचं निदान तिच्या केसपेपरवर लिहिलेलं असलं की व्हॅल्प्रोएटपासून ती वाचते.

लग्नाच्या भीतीबद्दल मला मावशीची बाजू घेऊन एवढंच म्हणायचं आहे, की ती भीती खोटी नाही. मुलीकडच्या आजाराचा आपल्या समाजात बोभाटा होतो आणि मुलाकडचा झाकला जातो. त्यात हा वारसा आईकडूनच जातो म्हटल्यावर सगळा दोष बायकांच्या माथी मारला जाणार. त्याला उत्तर आजार लपवणं हे नाही, पण जिला ते भोगावं लागणार तिनं घाबरू नये अशी अपेक्षा करणंही बरोबर नाही.

मावशी : ठीक आहे. करायचंच असेल तर माझ्या पद्धतीनं कर. एकदम सगळ्या जनुकांचं भलंमोठं पॅनेल मागवू नकोस. त्यात असे बदल निघतात की ज्यांचा अर्थ अजून कुणालाच लावता येत नाही, आणि मग आयुष्यभर त्या एका ओळीकडे बघत बसावं लागतं. आधी ३२४३ ही एकच जागा तपास. आणि रक्तावर थांबू नकोस. वय वाढतं तसं रक्तातलं या बदलाचं प्रमाण कमी होत जातं, रक्तात सापडलं नाही तरी लघवीतल्या पेशींत सापडू शकतं. म्हणून लघवीचा नमुना दे.

भाची : लॅक्टेटही करायला सांगितलंय.

मावशी : कर, पण दंडाला पट्टी फार वेळ आवळून ठेवू देऊ नकोस, आणि नमुना लगेच लॅबमध्ये गेला पाहिजे. नाहीतर आकडा खोटाच वाढलेला येतो आणि परत धावपळ. आणि कान तपासून घे, ऑडिओमेट्री. तुला कमी ऐकू येतंय हे तुला कळलेलंही नसेल. वर्गात मागच्या बाकावरचं नीट येतं का ऐकू?

भाची : हल्ली परत विचारावं लागतं.

मावशी : हं. आणि त्या गोठण्याच्या तपासण्यांत अँटिफॉस्फोलिपिड एकदाच केलीय. ती बारा आठवड्यांनी परत करावी लागते, तेव्हाच तिला अर्थ असतो. ते राहून गेलंय. मेलास मनात बसलं म्हणून बाकीचं सोडून देऊ नकोस. आपल्या भागात मेंदूतल्या टेपवर्मच्या गाठीनंही अशा फिट येतात, ती तुझ्या एमआरआयमध्ये नाही हे मात्र मी स्वतः पाहिलंय.

भाची : आणि ३२४३ नाही निघालं तर?

मावशी : तर वर्षभर थांब. फिटचं औषध न्यूरॉलॉजिस्ट देतील ते नियमित घे, वही लिही, आणि नवीन काही झालं तरच पुढचं बघू.

भाची : मी वर्षभर थांबणार नाही. स्नायूचा तुकडा काढून तपासतात, तेही करेन.

मावशी : ते आत्ता नको म्हणते मी.

भाची : ते तेव्हा बघू.

इथे त्यांचं एकमत झालं नाही. मी ते ओढूनताणून करणार नाही, कारण या टप्प्यावर दोन चांगले न्यूरॉलॉजिस्टही वेगवेगळं सांगू शकतात. माझ्या दृष्टीनं महत्त्वाचं निराळं आहे. इतका वेळ जे चाललं होतं ते कुठल्याही महागड्या यंत्राशिवाय चाललं होतं. एकानं हकिकत क्रमानं सांगितली, दुसऱ्यानं मध्ये न तोडता ऐकली, दोन जुन्या सीड्यांचा मेळ लागला, आईच्या माहेरची माणसं मोजली गेली, आणि तपासण्यांच्या ढिगातून नेमक्या तीन-चार उरल्या. हे काम कुणीतरी एकानं करायचं असतं. हृदयाचा डॉक्टर छिद्र बघतो, कानाचा डॉक्टर मशीन देतो, शुगरवाला शुगर बघतो, मेंदूवाला एमआरआय. सगळी फाइल मांडीवर घेऊन बसणारा डॉक्टर नसेल तर प्रत्येकाचं उत्तर आपापल्या जागी बरोबर असूनही रुग्ण चुकीच्या औषधांवर राहतो. पूर्वी हे काम घरचा डॉक्टर करायचा. आता अनेक रुग्ण ते स्वतःच करतात, आणि ‘इंटरनेटवर वाचून आलात का’ असं ऐकून घेतात.

सोय अगदीच नाही असं नाही. केंद्र सरकारच्या २०२१ च्या दुर्मीळ आजारांच्या धोरणात जी उत्कृष्टता केंद्रं नेमली गेली, त्यांत मुंबईचं केईएम रुग्णालय आहे. मायटोकॉन्ड्रियाच्या आजारांवर बंगळुरूच्या निम्हान्समध्ये आणि हैदराबादच्या सीसीएमबीमध्ये अनेक वर्षं काम चाललं आहे. पण तिथवर पोचायला कुणीतरी आधी शंका घ्यावी लागते, आणि शंका कराडच्या किंवा हडपसरच्या दवाखान्यात घ्यावी लागते.

ज्यांच्या घरात असा रुग्ण आहे त्यांना माझी विनंती आहे. मागचा झटका आपोआप ओसरला म्हणून पुढचाही ओसरेल असं धरून घरी बसू नका. दर वेळी तो स्ट्रोकच समजा, १०८ ला फोन करा, आणि माणूस शेवटचं ठीक कधी होतं ती वेळ लक्षात ठेवा. दुसऱ्या कुणाला मोकळे हात असतील तर त्यानं व्हिडिओ घ्यावा, चेहरा, दोन्ही हात आणि बोलणं दिसेल-ऐकू येईल असा. सुटी मिळताना डिस्चार्ज कार्डावर झटक्याचा क्रम लिहून मागा, एमआरआयची सीडी स्वतःजवळ ठेवा. आणि डॉक्टरांनो, तरुण माणसाला स्ट्रोकसारखा झटका आला आणि कारण सापडत नसेल, तर बीपी-शुगर-हृदयाबरोबर त्याच्या आईच्या माहेरी कुणाला ऐकू कमी येतं का, कुणाला फिट येते का, हेही विचारा आणि केसपेपरवर लिहून ठेवा.